उत्क्रांतराव

जूनचा दुसरा आठवडा. रात्री साडेनऊला वीज गेली आणि आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी माणसांनी भरली. काळाचौकीत वीज गेली की माणूस आधी समोरच्या इमारतीकडे बघतो. तिकडेही अंधार असला की त्याचा जीव भांड्यात पडतो. तसे सगळ्यांचे जीव आपापल्या भांड्यांत पडत असतानाच गॅलरीच्या टोकाला "साप! साप!" असा ओरडा झाला, एक बादली गडगडत जिन्यापर्यंत गेली आणि पाच-सहा मोबाइलचे उजेड एकदम तिकडे वळले. पाणी चढवायच्या मोटरचा पाइप वेटोळं घालून पडला होता. त्याच्यापासून चार हात लांब, शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडवर, एका हाताने लुंगी आणि दुसऱ्या हाताने दाराची कडी धरून एक गृहस्थ उभे होते. बासष्ट वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधणारा माणूस एका उडीत तिथे कसा पोचला, याचा उलगडा चाळीला अजून झालेला नाही.

दुसरा कोणी असता तर ओशाळून घरात गेला असता. हे गृहस्थ सावकाश खाली उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हसताय काय? या उडीमुळेच तुम्ही सगळे जन्माला आलात."

हे आमचे उत्क्रांतराव.

त्या रात्री वीज येईपर्यंत आम्हाला व्याख्यान ऐकावं लागलं. अंधारात पळून जायलाही सोय नव्हती, वाटेत पाइप होता. "आपल्याकडच्या वेदान्त्यांनी दोरीला साप समजणाऱ्याला अज्ञानी ठरवलं," काका म्हणाले, "पण हिशोब मांडून बघा. दोरीला साप समजणारा दहा वेळा उगाच उडी मारतो, घाम पुसतो आणि घरी जाऊन जेवतो. सापाला दोरी समजणारा एकदाच चुकतो. आपण सगळे त्या पहिल्याची पोरं. दुसऱ्याला पोरं व्हायला वेळच मिळाला नाही." मग डार्विन आला. तो येतोच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात डार्विन जाड काचेला तोंड लावून एका विषारी सापासमोर उभा राहिला होता. सापाने झेप घेतली तरी हलायचं नाही, असा निश्चय करून. सापाने झेप घेतली आणि उत्क्रांतीचा जनक दोन-तीन हात मागे उडाला. ही फजिती त्याने स्वतःच १८७२ सालच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. "काच आहे हे त्याच्या बुद्धीला ठाऊक होतं, पायांना नव्हतं," काका म्हणाले. "निर्णय पाय घेतात. बुद्धी मागाहून पत्रक काढते."

काकू अंधारातूनच म्हणाल्या, "आता पायांना सांगा, बादली भरून आणा. होती नव्हती ती सांडली."

उत्क्रांतराव हे नाव त्यांना चाळीने दिलं. पाळण्यातलं नाव आता रेशन कार्डावर आणि काकूंच्या उखाण्यात तेवढं उरलंय. गोदीत छत्तीस वर्षं कारकुनी केली. कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला लागलं याची नोंद ठेवण्यात आयुष्य गेलं, आणि एकाही जहाजाने आपल्याला विचारून निर्णय घेतला नाही, ही खंत राहिली. निवृत्तीनंतर काही माणसं अध्यात्माकडे वळतात, काही शेअर बाजाराकडे. काका फोर्टातल्या फुटपाथकडे वळले. तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगात पावसात भिजून फुगलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. माणसाचं मन कसं घडलं, अशा विषयावरचं. पहिली चाळीस पानं गायब होती, त्यामुळे सुरुवात कशी झाली हे काकांना आजतागायत कळलेलं नाही. "ते डार्विनलाही कळलं नव्हतं," असं म्हणून ते पुढच्या पानावर जातात.

गॅलरीच्या कोपऱ्यात त्यांची प्लास्टिकची खुर्ची आहे. एक पाय आखूड, खाली मंडळाच्या जुन्या पावतीपुस्तकाची घडी. येणाजाणाऱ्याला तिथून टाळता येत नाही, कारण संडासाची वाट तीच. अत्यंत घाईच्या क्षणी माणसाला गाठून काकांनी चाळीतल्या प्रत्येकाला तो मूळचा कोण आहे हे सांगितलेलं आहे.

त्यांचा आवडता हिशोब चोवीस तासांचा. माणूस जातीला साधारण तीन लाख वर्षं झाली. त्या तीन लाख वर्षांचा एक दिवस धरा. सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं फळं गोळा करण्यात, शिकारीत आणि एकमेकांच्या चहाड्या करण्यात गेलं. शेती आली ती रात्री अकरा वाजून गेल्यावर. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली निघाली, म्हणजे बाराला पन्नास सेकंद कमी असताना. "गिरण्या आल्या, गेल्या, मॉल आले, तुझा तो मोबाइल आला, सगळं पन्नास सेकंदांत," काका बोटं नाचवत सांगतात. "डोकं मात्र सकाळपासूनचं तेच. जंगलात वापरायचं यंत्र घेऊन तू लालबागच्या नाक्यावर रस्ता ओलांडतोयस. घोटाळा होणारच."

हे खरंच आहे. मला ते पटतंही. अडचण एवढीच, की काकांच्या घरात घोटाळा झाला की तो नेहमी तीन लाख वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी अंगावर ढकलला जातो.

आता गोडाचंच घ्या. काकांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय आणि काकूंनी बेसनाच्या लाडवांचा डबा फडताळात वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे ठेवलाय. "पिकलेलं फळ किंवा मध दिसला की खाऊन घ्यायचा, उद्या मिळेलच असं नाही, असं शिकून आपलं शरीर तयार झालं," काका सांगतात. "लाडू मी मागत नाही. माझे पूर्वज मागतात."

"मग गोळीही त्यांनाच द्या," काकू म्हणतात.

एकदा मी त्यांच्या दारात बसलो होतो आणि काका मला वेड्या राघूची गोष्ट सांगत होते. वेडा राघू म्हणजे तो हिरवा, लांब चोचीचा, तारेवर बसून माश्या टिपणारा पक्षी. मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. पुण्याच्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली त्याच्यावरचा एक अभ्यास छापला. चोचीत किडा घेऊन पक्षी घरट्याकडे येतो तेव्हा जवळ माणूस उभा असला तर काय करतो, हे त्यांनी पाहिलं. माणूस उभा आहे तिथून घरट्याचं तोंड त्याला दिसत असेल, तर पक्षी आत जायला कचरतो. माणूस तेवढ्याच अंतरावर, पण घरटं दिसणार नाही अशा जागी असेल, तर बिनदिक्कत आत शिरतो. म्हणजे माणूस जवळ आहे की लांब एवढंच तो बघत नाही. त्या माणसाला तिथून काय दिसतंय, याचाही हिशोब करतो. "आणि याला आपण वेडा म्हणतो!" काका म्हणाले.

बोलता बोलता काका उठले. काकू ओट्याशी पोळ्या लाटत होत्या, पाठ आमच्याकडे. काका फडताळाजवळ गेले आणि थांबले. काकूंनी लाटणं ठेवून मान किंचित वळवली. काकांनी लगेच कॅलेंडरवरची एकादशी बघायला सुरुवात केली. काकू तव्याकडे वळल्या. वर फुगलेली पोळी, खाली ज्योत, नजर तिथे अडकली. काकांचा हात तांदळाच्या डब्याला वळसा घालून गेला, झाकणाचा आवाज न होता परत आला, आणि ते पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. गाल थोडा फुगलेला. "तर... काय सांगत होतो मी?"

"वेडा राघू," मी म्हणालो.

"अहो, सहा होते. पाच राहिलेत," ओट्याकडून आवाज आला. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

काकूंशी लग्न कसं ठरलं, हेही काका उत्क्रांतीतूनच सांगतात. त्याआधी अर्थात डार्विनचं लग्न लागतं. १८३८ साली, लग्न करावं की नाही या प्रश्नावर डार्विनने कागदाच्या दोन बाजू केल्या आणि नफा-तोटा मांडला. लग्न केलं तर पुस्तकांना पैसे कमी, संध्याकाळी वाचायला वेळ नाही, नातेवाइकांकडे जाणं आलं. नाही केलं तर म्हातारपणी एकटेपण. बायको ही सोबतीला कुत्र्यापेक्षा बरी, अशा अर्थाचीही एक नोंद त्यात आहे. शेवटी बाजू लग्नाकडे झुकली आणि जानेवारी १८३९ मध्ये त्याने एमाशी लग्न केलं. एमा त्याची कोण? मामेबहीण. "मामाची मुलगी केली!" काका दर वेळी तितक्याच आनंदाने मांडी थोपटतात. "एवढा कागद खराब करून माणूस शेवटी आपल्या घाटावरच्या रीतीवर आला."

"तुम्ही केली होती यादी?" मी एकदा विचारलं.

"केली होती की. दोन पानी."

"मग?"

"मग काय? ही चहा घेऊन आली, आणि यादी शर्टाच्या खिशात राहिली. तशीच धुतली गेली." काका थोडे थांबले. "कोणी धुतली ते विचारू नकोस."

काकूंना मात्र निर्णय घ्यायला यादी लागत नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी दोघांबरोबर मासळीला गेलो. काकांचं तत्त्वज्ञान वाटेतच सुरू झालं होतं. सुरमई घ्यावी की बांगडा, किलोचा भाव किती, साफ केल्यावर हाती काय उरतं, काट्याचा वाटा किती, शीतपेटीतला माल असेल तर काय. बाजारात पोचेपर्यंत त्यांनी सात निकष तयार केले होते आणि आठवा शोधत होते. कोळीण म्हणाली, "घ्या ना काका, भवानी करा." काका म्हणाले, "थांब, विचार करतोय." ती म्हणाली, "करा, पण बाजूला उभं राहून करा. मागे गिऱ्हाईक आहे."

काकूंनी सुरमईचा कल्ला अंगठ्याने उचलला. आत लालभडक. पाठीवर बोट दाबलं, खड्डा लगेच भरून आला. "किती?" कोळणीने सांगितलं. काकूंनी निम्मं सांगितलं. दोघी दोन पावलं पुढे-मागे झाल्या आणि मासा पिशवीत पडला. सगळा मिळून एक मिनिटाचा कारभार. काका तोवर मासळी बाजाराच्या अर्थशास्त्रातच होते.

परत येताना त्यांनी या पराभवाचाही सिद्धांत केला. हर्बर्ट सायमन नावाचा एक अमेरिकन पंडित होता, १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. त्याचं म्हणणं असं, की माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, बसू शकतही नाही. पुरेसं चांगलं दिसलं की तो थांबतो. आयुष्य लहान, माहिती अपुरी, डोकं एवढंसं, आणि मागे गिऱ्हाईक उभं. म्हणून मग दोन-तीन ढोबळ खुणा पुरतात. कल्ला लाल आहे का, खड्डा भरतो का, संपलं. "तुझी काकू न शिकता सायमन आहे," काका कौतुकाने म्हणाले.

"पिशवी घ्या हातात," सायमन म्हणाल्या.

भावकीच्या बाबतीत मात्र काका सायमनला बाजूला ठेवून हॉल्डेनकडे जातात. जे. बी. एस. हॉल्डेन हा इंग्रज शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. त्याच्या नावावर एक गमतीचं विधान सांगतात. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी मी जीव देईन! भावात आपलं निम्मं रक्त, चुलतभावात आठवा हिस्सा, असा तो हिशोब. ही गोष्ट काका फार रंगवून सांगतात. पण त्यांच्या कोकणातल्या घराच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, आणि पडवीच्या कौलांचा खर्च कोणी करायचा यावर ती सतरा माणसं नऊ वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत. "जीव देणं सोपं," काका म्हणतात. "कौलाचे पैसे मागितले की हॉल्डेनही गप्प बसला असता."

मटक्याचा विषय निघाला तरी त्यांची तयारी असते. आमच्या बाजूला कॉटन ग्रीन. एके काळी सगळ्या हिंदुस्थानच्या कापसाच्या व्यापाराचं ठाणं. साठच्या दशकाआधी मुंबईत लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर पैजा लावत. ते भाव येणं थांबल्यावर माठातून चिठ्ठ्या, मग पत्ते निघू लागले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र तसेच राहिले. "कापूस इथला, भाव अमेरिकेचा, आणि आकडा आमच्या शेजाऱ्याला स्वप्नात," काका सांगतात. "गवत हललं की वाघ, हे ज्याला दिसलं तो जगला. म्हणून आता काही हललं नाही तरी आपल्याला दिसतं. बसच्या तिकिटावर दिसतं, गाडीच्या नंबरावर दिसतं." स्वतः त्यांनी कधी मटका खेळला नाही. फक्त सरकारी घराच्या सोडतीचा फॉर्म भरताना अर्ज क्रमांकाची बेरीज नऊ यावी म्हणून खिडकीवर तीन माणसांना पुढे जाऊ दिलं. घर लागलं नाही. "बेरीज चुकली असणार," ते म्हणाले.

वर्षभर हे ऐकल्यावर एक दिवस मी त्यांना कोंडीत पकडायचं ठरवलं. सकाळी आभाळ भरलं होतं आणि काका छत्री घेऊन निघाले होते.

"काका, छत्री का?"

"धोका टाळणारे पूर्वज वाचले. त्यांचा वारसा."

दुसऱ्या दिवशी तसंच आभाळ. काका छत्रीशिवाय.

"काका, आज छत्री नाही?"

"ओझं न घेता लांब चालणारे पूर्वज वाचले. त्यांचा वारसा."

"मग ज्याला काहीही लागू पडतं, ते शास्त्र कसलं?"

काका पहिल्यांदाच गप्प झाले. पण प्रामाणिक माणूस. दोन दिवसांनी त्यांनीच मला बोलावून सांगितलं, की ही शंका फार मोठ्या माणसांनी आधीच काढून ठेवली आहे. स्टीफन जे गुल्ड आणि रिचर्ड लेवोंटिन हे दोघे स्वतः उत्क्रांतीचेच अभ्यासक. १९७९ साली त्यांनी आपल्याच लोकांना खडसावलं. प्रत्येक अवयवाला, प्रत्येक सवयीला काहीतरी उपयोग चिकटवून गोष्ट रचणं सोपं असतं. ती गोष्ट तपासून दाखवायला हवी, नुसती शोभून चालत नाही. "म्हणजे मी सांगतो त्यातलं निम्मं शास्त्र," काका म्हणाले, "आणि निम्मी काऊ-चिऊची गोष्ट."

"निम्मं कुठलं?" मी विचारलं.

"ते कळलं असतं तर प्रश्नच नव्हता."

काकू नातीला भरवत होत्या. "कावळ्याचं घर शेणाचं का होतं, माहितीये?" त्या घास पुढे करत म्हणाल्या. "कारण गोष्टीत ते वाहून जायचं होतं." नातीने आ केला. मला वाटतं, गुल्ड-लेवोंटिन यांना यापेक्षा थोडक्यात सांगता आलं नसतं.

आणि मग पुनर्विकास आला.

काळाचौकीत पुनर्विकासाची चर्चा ही पावसासारखी. येणार म्हणतात, आभाळ भरतं, आणि पडत नाही. पलीकडच्या अभ्युदय नगरात ३३ एकरांवर तीन हजारांहून जास्त बिऱ्हाडं आहेत. तिथे या चर्चेत एक पिढी म्हातारी झाली. आमची चाळ त्यामानाने चिमुकली. दीडशे फुटांच्या खोलीच्या बदल्यात तिप्पट जागा, लिफ्ट, आणि ज्याचं नाव काढताच गॅलरीत शांतता पसरते ती गोष्ट, घरातला संडास. पटांगणात मंडळाच्या खुर्च्या मांडून सभा भरली. अर्ध्या लोकांना 'हो' म्हणायचं होतं, अर्ध्यांना विचार करायला वेळ हवा होता, आणि उत्क्रांतरावांना बोलायचं होतं.

ते छान बोलले, हे मान्य करायला हवं. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं, की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं. प्रयोगांत दुःख साधारण दुप्पट भरतं. कानेमन मानसशास्त्रज्ञ असून २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की आधीच गेले होते. पुढे येल विद्यापीठात कॅप्युचिन जातीच्या माकडांना धातूच्या चकत्यांचे पैसे देऊन सफरचंदाच्या फोडी विकत घ्यायला शिकवलं, तर त्यांचाही कल तसाच निघाला. दोन दाखवून कधी कधी एक काढून घेणारा विक्रेता त्यांना नको, एक दाखवून कधी कधी वर एक देणारा हवा, जरी शेवटी सरासरीने पदरात पडायचं तेवढंच पडत असलं तरी. आपल्या आणि त्या माकडांच्या वाटा सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. "म्हणजे ही खोड गिरणगावातली नाही," काका म्हणाले. "पोटावर जगणाऱ्याला एक जेवण जास्त मिळालं तर ढेकर येतो, एक जेवण गेलं तर जीव जातो. म्हणून हातातली खोली सुटताना आपल्याला तिप्पट जागाही लहान वाटते. हे ओळखा आणि मग ठरवा."

"काका, सही करायची का नाही तेवढं सांगा," मागून एक ताई म्हणाल्या.

"ते सांगणं विज्ञानाचं काम नाही," काका म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या. निर्णय न सांगणाऱ्या भाषणाला आमच्याकडे नेहमीच टाळ्या पडतात.

तेवढ्यात बातमी फुटली, की तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांना वीस फूट जास्त मिळणार आहेत. सभा एकदम उठली. "त्यांना का?" "आम्ही काय घोडं मारलंय?" "मग आम्हाला नकोच!" मला काकांनीच सांगितलेली दुसरी माकडं आठवली. २००३ चा सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा प्रयोग. दोन माकडांना एकाच कामाचे काकडीचे तुकडे दिले तर दोघं खुशीत. पण शेजारच्याला द्राक्ष मिळतंय हे दिसलं, की काकडीवालं माकड काम करायचं सोडतं, काकडी घ्यायला नकार देतं, कधी भिरकावूनही देतं. एक मिनिटापूर्वी तीच काकडी गोड होती. मी वळून काकांकडे पाहिलं. ते खुर्चीवर चढले होते आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात ओरडत होते.

"काका! काकडी!" मी त्यांचा सदरा ओढला.

"माझं वेगळं आहे," ते वरूनच म्हणाले. "माझ्यावर खरोखर अन्याय झालाय."

पुढच्या तीन आठवड्यांत तळमजल्याचं भांडण मिटलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि एकच राहिली. खोली काकांच्या नावावर. काकू रोज विचारायच्या, काका रोज एक नवा पूर्वज पुढे करायचे. शेवटी एका रात्री मी आखूड पायाच्या खुर्चीशेजारी बादली पालथी घालून बसलो आणि कारण विचारलं. कानेमनला मध्ये आणायचं नाही, असं आधीच बजावलं.

बराच वेळ ते समोरच्या टॉवरकडे बघत राहिले. पूर्वी तिथे गिरणीची चिमणी दिसायची.

"१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला," ते म्हणाले. "मी एकोणीस वर्षांचा. अडीच लाख माणूस बाहेर. बाबा पण. पहिले महिने जत्राच होती रे. पुढे भांडी गेली, आईच्या बांगड्या गेल्या. वर्ष उलटल्यावर काही जण गुपचूप परत जायला लागले. बाबांनाही निरोप आला. एका सकाळी बाबांनी अंघोळ केली, गिरणीचा शर्ट घातला, डबा घेतला आणि खाली उतरले. चौकात त्यांच्या खात्यातली माणसं बसली होती, नुसती. कोणी अडवलं नाही, कोणी बोललंही नाही. बाबा थोडा वेळ उभे राहिले आणि वर आले. शर्ट काढून त्या खुंटीला लावला. डबा आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ला. परत कधी गेले नाहीत."

मला त्यांचं पुस्तक आता पाठ झालं होतं. कळप सुटण्याची भीती, टोळीतली पत, आज मी तुझ्यासाठी तर उद्या तू माझ्यासाठी. सगळं ओठांवर आलं. मी म्हणालो, "काका, याला पण..."

"लागतं," ते म्हणाले. "सगळं लागतं. मी लावून पाहिलंय. मी लावत नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "ती खुंटी भिंतीत आहे अजून. चाळ पाडली की जाईल. बाकी काही नाही."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. काकू ऐकत होत्या की नाही, माहीत नाही. त्यांना तिथून आम्ही दिसत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन वर येत होतो. काकू स्टुलावर चढून हातोडीच्या उलट्या बाजूने खुंटी उचकटत होत्या. अर्धी भिंत पोपडून खाली आली होती. खुंटी निघाली तशी त्यांनी ती पदराने पुसली, लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि डबा काकांच्या हातात दिला. "घ्या. नव्या घरात लावू. आता सही करा, मला डबे पोचवायचेत."

सेक्रेटरींकडच्या त्या वहीत चार रकाने आहेत. खोली क्रमांक, नाव, सही, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येकाने काही ना काही लिहिलंय. कोणाला लिफ्ट दोन हव्यात, कोणाला देव्हारा पूर्वेला, तळमजल्याच्या वीस फुटांवर तर तेरा जणांनी लिहिलंय. काकांनी काकूंच्याच पेनने सही केली, खाली तारीख घातली आणि वही मिटली.

शेऱ्याचा रकाना कोरा आहे. मी वही उघडून पाहिला.